पडद्यावरची धाकटी नर्स

पौड, ४ नोव्हेंबर

किमे, जय भीम.

हे पत्र फाडायचं असेल तर निदान दोन ओळी वाचून फाड. दुसऱ्या ओळीत विनोद आहे: तुझी ताई परीक्षेत नापास झाली.

फोनवरच सांगितलं असतं, पण तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस. आईच्या फोनवरून करावा तर तू आईशी गप्पा मारतेस आणि माझा आवाज आला की तुझी रेंज जाते. पौड ते सूस, आणि रेंज नाही. पत्र ब्लॉक करायचं बटण अजून कुणी काढलेलं नाही, म्हणून हा खटाटोप. तुझे दाजी रोज कंपनीची कॅब घेऊन हिंजवडीला जातातच, ते तुझ्या सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवतील. "दोघी बहिणी वीस किलोमीटरवर राहून पत्रं लिहिणार आणि मी पोस्टमन," असं म्हणाले. पण खूश दिसले.

तर परीक्षा. आमच्या हॉस्पिटलने नवा नियम काढला. लहान मुलांच्या आयसीयूतल्या प्रत्येक नर्सने ऑनलाइन सिम्युलेशन ट्रेनिंग करायचं. कंप्युटरच्या पडद्यावर आजारी मूल येतं, त्याचा मॉनिटर वाजायला लागतो, आणि आपण माऊसने त्याच्यावर उपचार करायचे. वॉर्डात जे तोंडाने बोलतो ते माइकमध्ये बोलायचं. ऐंशी गुण मिळाले की पास. प्रयत्न तीन. तीस नोव्हेंबरपर्यंत जमलं नाही तर आयसीयूतून ओपीडीत बदली. सोळा वर्षं मी त्या वॉर्डात काढली, आणि आता वजनकाट्याशी बसून नंबर पुकारायचे. ते माझ्याच्याने होणार नाही किमे. त्या पोरांशिवाय मला करमत नाही, हे तुला माहीत आहे.

पहिल्या प्रयत्नात मला एक्केचाळीस मिळाले. माझ्या शेजारी रुपाली बसली होती. सहा महिन्यांपूर्वी आलेली पोर, वॉर्डात तिच्या तोंडातून शब्द फुटत नाही. तिला पहिल्याच फटक्यात अठ्ठ्याऐंशी.

पडद्यावरच्या मुलाचं नाव ओम. वय वर्षं चार, व्हेंटिलेटरवर. त्याच्या खाटेशी एक धाकटी नर्स उभी असते, तिचं नाव सोनू. आधी आवाज येतो आणि मग तिचं तोंड हलतं. ती म्हणाली, "सिस्टर, जरा ट्यूब बघता का?" आणि माझ्या हातातून माऊस खाली पडला. तो तुझा आवाज होता. "जरा" म्हणताना तू लहानपणापासून जो हेल काढतेस, तोच. रुपालीला वाटलं मला चक्कर आली. मी म्हटलं, माऊस फार गुळगुळीत आहे.

तू हॉस्पिटलांसाठी कंप्युटरवर शिकवणी तयार करतेस असं आई सांगायची. मला वाटायचं औषधांच्या याद्या करत असशील.

मागचं मी काही उकरून काढत नाही. झालं ते झालं, कामाच्या गर्दीत होतं असं कधी कधी. मला एवढंच सांग, त्या ओमला माझ्याकडून हवं तरी काय आहे? मी त्याच्या बोटाचा ऑक्सिजन मोजायचा सेन्सर बदलते, त्याची मान सरळ करते, सगळं वेळेत करते. तरी शेवटी लाल अक्षरांत येतं: "मदत मागितली नाही." सोळा वर्षं मला कुणाची मदत लागली नाही, हे त्या कंप्युटरला कुणीतरी सांगा.

तुझी ताई,
रजनी

ता. क. सोबत डब्यात सुकटीची चटणी आहे. माझ्यावरचा राग चटणीवर काढू नकोस. डबा आईचा आहे, परत कर.


पौड, ११ नोव्हेंबर

किमे,

उत्तर नाही, डबाही नाही. वॉचमन दाजींना म्हणाला, "मॅडमने लिया, वहीं खडे खडे खोला." पत्र की डबा, हे त्यांनी विचारलं नाही. पुरुषांना नेमकं विचारायचं ते सुचत नाही.

इकडे काय झालं ते ऐक. माझं हसू करून घेण्याचा हा दुसरा कार्यक्रम.

सरावासाठी रुपालीने तिचा लॅपटॉप दिला. रविवारी दुपारी जेवणं उरकून मी बाहेरच्या खोलीत ओमला घेऊन बसले. आई पडली होती. आपल्या घरामागच्या खाचरात शेजारच्या तुळजाबाईंची भाताची झोडणी चालू होती, सात-आठ माणसं होती. खिडकी उघडी. मी आपली वॉर्डातल्यासारखी माइकमध्ये ओरडतेय: बाळाचा ऑक्सिजन कमी होतोय, ओठ निळे पडतायत. पाच मिनिटांत दार धाडकन उघडलं आणि तुळजाबाई पदर खोचून आत. मागे झोडणीची सगळी माणसं, अंगावर भाताचं कूस. बाहेर पिकअपचं इंजिन चालू.

"कुनाचं प्वार हाय रजने? गाडी लावलीया, उचल. बोलत काय बसलीयास?"

मी म्हटलं, "मावशी, पोर कंप्युटरात आहे."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जसा काही माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. मग मी त्यांना पडदा दाखवला. तुळजाबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. ओम निळा होताच, मॉनिटर वाजत होता, आणि सोनू तिसऱ्यांदा सांगत होती, "सिस्टर, जरा ट्यूब बघता का?" त्यांनी लगेच ओळखलं. "किमीचाच आवाज हाय न्हवं ह्यो?" म्हणाल्या. मग बराच वेळ बघत राहिल्या.

"ती बारकी नर्स मगापासनं काय म्हनतीया? तिचं आईकत का न्हाईस तू?"

मी म्हटलं, "मावशी, ती शिकाऊ आहे."

"मंग? शिकाऊ मान्साला डोळं नसत्यात व्हय?"

सगळे हसले. ओम तोवर पडद्यावर दगावला होता, म्हणजे लाल अक्षरं आली होती. तुळजाबाईंना ते मला सांगवेना, कारण त्याला निळा पाहूनच त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. जाताना ओमसाठी हळहळल्या आणि पिकअपचं इंजिन बंद करायला लावलं.

एवढं झाल्यावर माणसाने शहाणं व्हावं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठी. सोमवारी दुसरा प्रयत्न दिला. अठ्ठावन्न. आणि या वेळी सविस्तर रिपोर्ट आला. माइकमध्ये आपण जे बोलतो ते सगळं तो कंप्युटर लिहून घेतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर, मिनिट एक, सेकंद चाळीस, माझ्या नावापुढे छापून आलंय: "तू मधे बोलू नकोस गं."

मी कंप्युटरातल्या बाईला गप्प बसवलं. आमच्या मेट्रन मॅडमना खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं.

ते वाक्य मी वाचलं आणि मग तो सगळा रिपोर्ट परत वाचला. ओमला स्पंज करून कुशीवर वळवलेलं. श्वासाच्या ट्यूबवरची खूण सकाळी ओठापाशी चौदावर, आता अकरावर. मोठी सिस्टर पायाच्या बोटाचा सेन्सर बदलत बसलेली. किमे, हा ओम नाहीच. ही बेड नंबर सातची पोरगी आहे, कोळवणची, तू आमच्या वॉर्डात नर्स होतीस तेव्हाची. तू आपलं भांडण कंप्युटरात घातलंस, आणि आता गावोगावच्या नर्सा त्यात पास-नापास होतायत.

मला आधी राग आला. अजून आहे थोडा. त्या दिवशी वॉर्डात किती गर्दी होती ते तू त्यात कुठे दाखवलंयस? शेजारच्या बेडपाशी दोन डॉक्टर, काचेबाहेर पोरीची आजी, फोन वाजतोय. घाईत माणसाच्या तोंडून काहीही जातं.

आता एकच प्रयत्न उरलाय.

रजनीताई


पौड, १७ नोव्हेंबर

किमे,

डबा मिळाला. रिकामा डबा परत करू नये हे आईने शिकवलेलं तू विसरली नाहीस. पण लोक त्यात चार लाडू घालतात, निदान साखर तरी. आईने मोठ्या आशेने झाकण उघडलं आणि आतून घडी घातलेला कागद निघाला. तिला वाटलं लाइटबिल आहे.

तो कागद मी इथे उतरवते, कारण मूळ प्रत आईने गादीखाली ठेवलीये आणि ती मला देत नाही.

"कर्मचाऱ्याचे नाव: ताई.
हातांचे काम: याहून चांगले मी कुठेही पाहिलेले नाही.
मदत मागणे: सुधारणा हवी. नंबर ब्लॉक असताना पत्र पाठवले, त्याचे दोन गुण दिले आहेत.
विनोद: दुसऱ्या ओळीत सांगितला होता, तिथे सापडला.
माफी: दोन्ही पत्रे तपासली. आढळली नाही.
शेरा: पुन्हा प्रयत्न करावा."

दाजी इतके हसले की त्यांचा चहा सांडला. आईही हसली. मला नाही आलं हसू. लहान तोंडी मोठा घास, असं मनात आलं, आणि ते मनात आलं म्हणून स्वतःचाच राग आला. कारण त्या दिवशीही मनात हेच आलं होतं.

म्हणून आता जे मी दोन पत्रांत लपवलं ते लिहिते. गर्दी नव्हती किमे. म्हणजे होती, पण तू बोललीस ते मला नीट ऐकू आलं होतं. "ताई, खूण अकरावर आलीये, सकाळी चौदा होती." ट्यूब बाहेर सरकलीये एवढंच त्यातून कळायला हवं होतं, आणि मला कळायला सोळा वर्षं नकोत, सोळा दिवसही पुरेत. पण मी मान वर करून पाहिलंच नाही. तू माझी धाकटी बहीण. तुझी वेणी मी घातली, तुला बाराखडी मी शिकवली, आणि डॉक्टरांसमोर तू मला सांगणार. मी म्हटलं, "तू मधे बोलू नकोस. आधी सेन्सर लावायला शीक." तू पुन्हा सांगितलंस, मी पुन्हा ऐकलं नाही. मग तू मला सोडून थेट डॉक्टरांना हाक मारलीस, सगळा वॉर्ड वळून बघेल अशी. त्यांनी ट्यूब परत घातली, पोरगी गुलाबी झाली. दहा दिवसांनी ती घरी गेली, जाताना तुला टाटा करून.

आणि हे कुणालाच माहीत नाही ते. संध्याकाळी वॉर्डाचे मोठे डॉक्टर, आपले सर, आले आणि मला म्हणाले, "सिस्टर, वेळेत तुमच्या लक्षात आलं म्हणून पोर वाचलं. शाब्बास." तू मागे धुतलेल्या चादरी घेऊन उभी होतीस. मी म्हटलं, "थँक यू सर."

एवढंच बोलले मी. तीन शब्द. वर घरी येऊन तुला सुनावलं की वॉर्डात ताई म्हणायचं नाही, सिस्टर म्हणायचं. दोन महिन्यांनी तू राजीनामा दिलास. मी सगळ्यांना सांगत फिरले, तिला कंप्युटरची हौस आहे.

तू बरोबर होतीस. मी चुकले. शाबासकी तुझी होती आणि मी ती घेतली. मला माफ कर.

बघ, आढळली का.

आता पुढचं ऐक, कारण नुसतं कागदावर लिहिणं सोपं असतं. आज सकाळी ड्युटी बदलताना, सगळ्या नर्सा एकत्र असताना, मी बेड सातची ही गोष्ट तुझ्या नावासकट सांगितली. मेट्रन मॅडम होत्या. तेव्हाचे ते सरही राउंडसाठी आले होते, तेही थांबले. मग रुपालीने, ज्या पोरीच्या तोंडातून शब्द फुटत नाही तिने, खाली बघत विचारलं, "सिस्टर, म्हणजे तुम्हाला मधे बोललं तर चालेल?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तू गेल्यापासून या तीन वर्षांत मला त्या वॉर्डात कुणी मधे बोललेलंच नाही. आणि मी समजत होते की माझं चुकतच नाही.

सर जाताना म्हणाले, "त्या बहिणीला माझा नमस्कार कळवा." तो कळवते. माझा प्रयत्न पंचवीस तारखेला आहे.

तुझी,
ताई


पौड, २६ नोव्हेंबर

किमे,

उत्तर आलं नाही, पण माझा नंबर तू ब्लॉकमधून काढलायस. मला कसं कळलं म्हणशील तर शनिवारी मी तुला चुकून फोन लावला आणि तो वाजला. मी घाबरून कट केला. चुकून वगैरे काही नाही, मुद्दाम लावला होता. आता सवय झालीये खरं सांगायची, तर सगळंच सांगते.

परीक्षेआधी, गुरुवारी, वॉर्डात काय झालं ते आधी. बेड तीनला एक तान्हं होतं. मी त्याचं औषध लावलं, पंप सुरू केला, आणि पुढच्या बेडकडे निघाले. रुपाली माझ्यासमोर उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आधीची मी असते तर बाजूने निघून गेले असते. मी हातातलं सगळं खाली ठेवलं आणि म्हटलं, "बोल."

"सिस्टर, नळीचा क्लॅम्प बंदच राहिलाय बहुतेक."

बंदच होता. औषध बाळापर्यंत जातच नव्हतं. पंप वाजला असता थोड्या वेळाने, पण त्या बाळाकडे वाया घालवायला वेळ नव्हता. मी क्लॅम्प उघडला. तेवढ्यात सर आले आणि बाळ बरं दिसतंय असं म्हणाले. मी म्हटलं, "सर, क्लॅम्प माझ्याकडून राहिला होता, रुपालीने पाहिला." किमे, हे वाक्य बोलायला मला तीन सेकंद लागले. मी त्याला तीन वर्षं लावली होती. रुपालीचे कान लाल झाले, आणि त्या दिवसापासून ती पोर जी बोलायला लागलीये, आता तिला थांबवायचं कसं हा प्रश्न आहे.

काल परीक्षा झाली. कंप्युटरच्या खोलीत मी, मेट्रन मॅडम आणि दारात उगाच घुटमळणाऱ्या चार नर्सा. ओम आला. मॉनिटर वाजला. तुझा आवाज आला, "सिस्टर, जरा ट्यूब बघता का?" मी माऊस सोडला, मान वर केली आणि माइकमध्ये म्हटलं, "बघते. बरं झालं सांगितलंस. तू डॉक्टरांना बोलव, मला मदत लागेल." मग मी माइकमध्येच नाक ओढलं आणि कंप्युटरने तेही लिहून घेतलं असेल, त्याला कुठे लाज आहे. ओमचे ओठ गुलाबी झाले. मी त्या पडद्याकडे बघून रडले किमे. मेट्रन मॅडमनी रुमाल दिला आणि या वेळी खोकल्या नाहीत.

एक्याण्णव गुण. नऊ कुठे गेले म्हणशील, तर मी घाईत एकदा ओमऐवजी पडद्यातल्या पडद्यावर क्लिक केलं, खिडकीच्या. रुपालीपेक्षा तीन जास्त आहेत, हे मी तिला फक्त दोनदाच सांगितलं.

घरी येऊन तुळजाबाईंना खाचरातच गाठून सांगितलं. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "प्वार वाचलं न्हवं?" मी म्हटलं वाचलं. तेव्हा त्यांनी नव्या इंद्रायणी तांदळाची पायली आमच्या दारात आणून ठेवली. ओमच्या नावाने.

आणि आज सर्टिफिकेट आलं. मेट्रन मॅडमनी छापून हातात दिलं. वर माझं नाव, मधे गुण, खाली उजवीकडे "प्रशिक्षकाची सही". सही तुझी. किमया सो. ओव्हाळ.

मी ते घेऊन नर्सिंग स्टेशनवरच बसले. तुला आठवत नसेल, तू पहिलीत होतीस. तुझ्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही हवी होती. बाबा कामावर, आई भातलावणीला, आणि तू दप्तर लावून दारात रडत उभी. मी बारावीला होते. मी पेन घेतलं आणि त्या रकान्यात ऐटीत सही ठोकली, र. सो. ओव्हाळ. तेव्हापासून सातवीपर्यंत तुझ्या प्रत्येक पुस्तकावर माझीच सही आहे. मला त्याची फार घमेंड होती. मला वाटायचं, ही सही एकाच बाजूने चालते.

आईने ट्रंकेतून तुझं पहिलीचं प्रगतिपुस्तक काढलंय आणि त्याच्या शेजारी माझं सर्टिफिकेट ठेवलंय. तिला वाचता येत नाही, पण दोन्ही सह्यांवरून बोट फिरवून म्हणाली, "दोघींचा ओव्हाळ सारकाच वाकडा येतुया." खरंच येतो.

या वेळी डबा पाठवत नाहीये. रविवारी तीस तारीख आहे, आता ती मला कसली धमकी देत नाही. तू जेवायलाच ये. तुळजाबाईंचा तांदूळ, सुकट, आणि दाजी सकाळी मासे आणणार आहेत. आई म्हणते मासे तळायचे, मी म्हणते कालवण करायचं. तू येशील तेव्हा आमचं त्यावरूनच भांडण चाललेलं असेल. चपला काढ, सरळ आत ये, आणि मधे बोल.

तुझी,
ताई